लघवीचा त्रास असलेल्या मांजराचा आहार कसा ठरवावा

आहाराचा विचार करण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी. आपला बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसत असेल, कुंथत असेल आणि तरीही मातीत किंवा ट्रेमध्ये थेंबभर ओल दिसत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून त्याला ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्यावे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. बोक्याची मूत्रनलिका भाटीपेक्षा लांब आणि टोकाशी फार अरुंद असते. तिथे खड्याचा कण किंवा चिकट गुठळी अडकली की लघवी पूर्ण तुंबते, मूत्रपिंडांचे काम थांबू लागते, रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि हृदयाची लय बिघडून दोन-तीन दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, जनावर दगावते. या अवस्थेत कोणतेही खाद्य आणि कोणताही काढा उपयोगाचा नाही. वाट मोकळी करणे हे डॉक्टरांचेच काम आहे.

हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण आमच्या घरातले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी गोट्या नावाचा, नसबंदी केलेला, पाच वर्षांचा आणि चांगलाच जाडजूड बोका होता. जुलैत पावसाची झड लागली होती आणि तो चार दिवस घराबाहेर पडला नव्हता. त्या रात्री तो मातीच्या घमेल्यात जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. पाठ कमानीसारखी वाकवून तो कुंथत होता आणि ते पाहून आम्हाला वाटले की त्याला शौचाला होत नाही. पोट साफ व्हावे म्हणून आम्ही त्याच्यापुढे कोमट दूध ठेवले आणि झोपलो. सकाळी त्याच्या पोटाखाली हात घातला, तर मोसंबीएवढा घट्ट गोळा हाताला लागला. ते तुडुंब भरलेले मूत्राशय होते. गोट्या वाचला, पण ते वाया गेलेले आठ तास मी विसरू शकत नाही. बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणे यांत मांजराची बैठक जवळपास सारखीच दिसते, हे प्रत्येक बोका पाळणाऱ्याने लक्षात ठेवावे.

धोका टळल्यावर आहाराचा प्रश्न येतो, आणि तिथे बहुतेक जण दुकानात जाऊन ‘लघवीसाठीचे’ खाद्य मागतात. ही घाई करू नये, कारण ‘लघवीचा त्रास’ हा एक आजार नाही. वारंवार लघवीला बसणे, रक्त उतरणे, ट्रे सोडून भलत्याच जागी लघवी करणे ही लक्षणे निदान चार वेगळ्या कारणांनी दिसतात. दहा वर्षांखालच्या मांजरांत सर्वांत जास्त आढळतो तो मूत्राशयाचा असा दाह, ज्यात खडाही नसतो आणि जंतूही नसतात. त्याचे निश्चित कारण सापडत नाही, पण ताणाशी त्याचा जवळचा संबंध असतो. दुसरे कारण स्ट्रुव्हाइटचे खडे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे. तिसरे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे. चौथे जंतुसंसर्ग, तो तरुण मांजरात क्वचित असतो आणि वयस्कर मांजरात, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांत, अधिक दिसतो. एकाला जे खाद्य तारते तेच दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते. म्हणून लघवीची तपासणी आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरांना सरळ विचारावे: ‘यातला कोणता प्रकार आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कोणतेही खास खाद्य विकत घेऊ नये.

लघवीच्या तपासणीबद्दल दोन शब्द. नमुना ताजा असावा, शक्यतो तासाभराच्या आत तपासला जावा. लघवी थंड झाली किंवा फ्रीजमध्ये राहिली की जे स्फटिक मुळात नव्हते तेही तयार होतात, आणि मग अहवालात नसलेला आजार उमटतो. शिवाय चार स्फटिक दिसले म्हणजे खडा झाला असे नाही. घट्ट लघवीत थोडे स्ट्रुव्हाइट स्फटिक धडधाकट मांजरातही सापडतात. गोट्याच्या आधी आमच्याकडे असलेल्या भाटीला एका दवाखान्यात कोणतीही तपासणी न करता तीन वेळा प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली गेली. दर वेळी तिला आठवड्याभरात बरे वाटले आणि आम्ही समाधान मानले. पुढे कळले की ताणामुळे होणारा दाह बहुधा आठवड्याभरात आपोआपच ओसरतो आणि काही महिन्यांनी परत येतो. त्या आठवड्यात जे काही दिलेले असते त्याला फुकटचे श्रेय मिळते.

आमच्या गल्लीतल्या काकूंचे कुळथाचे कढण याच मार्गाने नावारूपाला आले. ‘अगं, मूतखड्याला कुळीथच लागतो, दे की त्याला चमचाभर,’ असे त्या मायेने सांगत आणि त्यांच्या बोक्याला खरोखर उतार पडला होता. परंतु कुळीथ, पानफुटी, जवाचे पाणी हे उपाय माणसाच्या मूतखड्यासाठी सांगितले जातात. मांजर हे निव्वळ मांसाहारी जनावर आहे. वनस्पतिजन्य अन्नाने त्याची लघवी अल्कलीकडे झुकते आणि स्ट्रुव्हाइटला नेमकी तशीच लघवी मानवते. ॲपल सायडर व्हिनेगर आणि क्रॅनबेरीच्या गोळ्या यांचाही मांजरांना उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. यातले काहीही घरच्या घरी सुरू करू नये.

पाणी

प्रकार कोणताही निघो, एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे आणि माझ्या मते ती खाद्याच्या नावापेक्षा महत्त्वाची आहे: मांजराच्या पोटात पाणी जास्त गेले पाहिजे. मांजराचे पूर्वज रुक्ष प्रदेशांतले. शिकारीच्या मांसातूनच बहुतेक पाणी मिळवायचे आणि मूत्रपिंडांनी लघवी कमालीची घट्ट करून ते वाचवायचे, अशी त्यांची घडण. म्हणून तहान लागूनही मांजर भांड्याकडे उशिरा वळते आणि कोरडे खाद्य खाणारे मांजर ती तूट कधीच पूर्ण भरून काढत नाही.

हिशोब करून पाहावा. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात आणि सगळे मिळून सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते. कोरड्या खाद्यात पाण्याचे प्रमाण ८ ते १० टक्के असते. तेवढ्या कॅलरींसाठी ६० ग्रॅम खाद्य दिले तर त्यातून जेमतेम चमचाभर पाणी जाते. ओल्या खाद्यात हेच प्रमाण ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत असते. ८५ ग्रॅमचे तीन पाऊच दिले तर खाण्यातूनच दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी पोटात जाते. लघवी पातळ झाली की क्षार विरघळलेले राहतात, मूत्राशय वारंवार रिकामे होते आणि दुखऱ्या अस्तराला कमी झोंबते. तपासणीच्या कागदावर ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ हा लघवी किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा असतो. ज्या मांजराला हा त्रास होऊन गेला आहे त्याचा आकडा १.०३५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा.

रोज तीन पाऊच देणे सगळ्यांना परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. आम्हालाही परवडले नाही. आम्ही सकाळी एक आणि रात्री एक पाऊच देतो आणि दुपारचे थोडे कोरडे खाद्य भिजवून देतो. पाऊच फोडल्यावर त्यात दोन चमचे कोमट पाणी घालून बोटांनीच कालवावे. गाठी मोडल्या की रस सुटतो, वास दरवळतो आणि मांजर आधी तो रस चाटून घेते, मग तुकडे खाते. सुरुवात एका छोट्या चमच्याने करावी आणि आठवड्याभरात वाढवत न्यावे, कारण एकदम पातळ केलेले खाद्य हुंगून निघून जाणारी मांजरे पुष्कळ असतात. भिजवलेले कोरडे खाद्य मात्र आपल्याकडच्या दमट हवेत लवकर आंबते. तास-दोन तासांत संपले नाही तर ते टाकून भांडे धुवावे.

कोल्हापुरात रविवारी घरोघरी मटण शिजते, आणि ‘मांजराला रस्सा दिला तर पाणीही जाईल’ हा विचार सहज मनात येतो. तांबडा नको हे सगळ्यांना समजते. पांढऱ्या रश्श्याबद्दल आणि अळणीबद्दल, म्हणजे मसाला पडण्याआधीच्या मटणाच्या पाण्याबद्दल, लोक गाफील राहतात, कारण तो तिखट नसतो. त्यात लसूण असतो, मीठ असते, बहुतेक घरांत कांदाही असतो. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मग ते शिजवलेले असोत, वाटलेले असोत वा पुडीतले असोत. रस्सा द्यायचाच असेल तर फोडणी, मीठ आणि आले-लसणाचे वाटण घालण्याआधी, कोंबडीचे दोन-चार तुकडे वेगळ्या पातेल्यात काढून नुसत्या पाण्यात उकडावेत, ते पाणी गार करून वरचा चरबीचा थर काढून टाकावा आणि बर्फाच्या साच्यात गोठवावे. त्या बर्फाचा एक तुकडा कोमट पाण्यात विरघळवून खाद्यावर ओतला की पुरे. डॉक्टरांनी खडा विरघळवण्याचे खाद्य दिले असेल तर त्या काळात हा रस्साही देऊ नये, साधे पाणीच घालावे.

भांडी पसरट असावीत, म्हणजे मिशा काठाला लागत नाहीत. ती दोन-तीन जागी, खाण्याच्या ताटलीपासून आणि ट्रेपासून दूर ठेवावीत. काही मांजरांना वाहते पाणी आवडते. गोट्या मोरीतल्या नळाच्या धारेखेरीज पाणी पीत नसे, तेव्हा सकाळ-संध्याकाळ नळ बारीक सोडून आम्ही उभे राहत असू.

कोणत्या प्रकाराला कोणते खाद्य

स्ट्रुव्हाइट निघाला तर खरोखर बरे वाटावे, कारण जंतुसंसर्गाशिवाय झालेला हा खडा शस्त्रक्रियेविना, केवळ आहाराने विरघळतो. त्यासाठीच्या खाद्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस बेताचे असतात आणि लघवी किंचित आम्ल राहील अशी त्याची रचना असते. रॉयल कॅनिनचे युरिनरी एस/ओ, हिल्सचे सी/डी, फार्मिनाचे व्हेट लाइफ स्ट्रुव्हाइट ही त्यातली नावे. ही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यायची खाद्ये आहेत. दुकानातल्या साध्या पाकिटावर ‘युरिनरी केअर’ असे छापलेले असते, त्याला ही जागा घेता येत नाही. तेवढ्याने खडा विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नये. खडा बहुधा दोन ते चार आठवड्यांत विरतो, मोठा असेल तर अधिक वेळ लागतो. या काळात त्या खाद्याशिवाय दुसरे काहीही द्यायचे नाही: दुधाची वाटी नाही, सुकटाचे डोके नाही, पाहुण्यांच्या ताटातला तुकडाही नाही. घरात हे पाळणे सर्वांत अवघड जाते आणि उपाय फसतो तो बहुधा इथेच. एक्स-रेत खडा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर आणखी काही आठवडे तेच खाद्य चालू ठेवायला सांगतात, ते ऐकावे. बोक्याच्या बाबतीत लहान होत चाललेला खडा मूत्रनलिकेत अडकू शकतो, म्हणून लघवीवर रोज लक्ष असावे.

लघवी आम्ल करणारे खाद्य चालू असताना वरून आम्ल करणाऱ्या गोळ्या किंवा ‘क’ जीवनसत्त्व देणे धोक्याचे आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत मांजरांत स्ट्रुव्हाइट फार आढळत असे. मग कंपन्यांनी खाद्यातले मॅग्नेशियम कमी केले, आम्लता वाढवली आणि स्ट्रुव्हाइट घटला, पण त्याच सुमारास ऑक्झलेटचे खडे वाढत गेले. एका बाजूला फार झुकले की दुसरी बाजू उघडी पडते, हे त्या अनुभवातून शिकण्यासारखे आहे.

ऑक्झलेटचा खडा कोणत्याही खाद्याने विरघळत नाही. तो काढावाच लागतो; भाटीत लहान खडे कधी कधी मूत्राशय धुऊन बाहेर काढता येतात, एरवी शस्त्रक्रिया करावी लागते. काढलेला खडा फेकून न देता प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह धरावा, कारण पुढचा सगळा आहार त्या अहवालावर ठरतो. हा प्रकार वयस्कर मांजरांत आणि पर्शियन जातीत अधिक दिसतो. त्यात लघवी आम्ल करायची नसते, तर फार आम्ल होऊ द्यायची नसते. रक्तातले कॅल्शियम तपासून घ्यायचे असते आणि ‘ड’ व ‘क’ जीवनसत्त्वांची वरकड औषधे बंद करायची असतात. हे खडे पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, आणि ती कमी करण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे ओले खाद्य.

खडा नाही, जंतू नाहीत, तरी लघवीतून रक्त जाते, अशा मांजराच्या मालकांची सगळ्यात जास्त ओढाताण होते. त्यांना मी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आधार सांगते. त्यात एकाच धाटणीचे खाद्य काही मांजरांना ओले आणि काहींना कोरडे दिले होते; वर्षभरात ओले खाणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना, तर कोरडे खाणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना त्रास उलटला. मांजरे थोडी होती, तरी फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. या मांजरांना खाद्याइतकीच घरातली शांतता लागते. पाहुणे, नवे पिल्लू, घराचा रंग, पावसात कोंडून राहणे, पुरामुळे सामानासह दुसऱ्याच्या घरी जावे लागणे, यांपैकी काहीही त्रास परत आणू शकते. म्हणून अशा दिवसांत खाद्य बदलू नये, जेवणाच्या वेळा मोडू नयेत आणि प्रत्येक मांजरामागे एक व वर एक जादा असे ट्रे ठेवावेत.

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या मांजराला, पिलांना आणि गाभण भाटीला लघवी आम्ल करणारे खाद्य देऊ नये. तहान वाढावी म्हणून काही युरिनरी खाद्यांत मीठ जास्त असते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही आधी विचारून घ्यावे.

आपल्या स्वयंपाकघरातले पदार्थ

दूध-भाकरी हा आपल्याकडचा मांजराचा ठरलेला आहार. गंगावेशेच्या कट्ट्यावरचे म्हशीचे दूध माणसाला कितीही मानवो, मोठ्या मांजराला त्यातली दुग्धशर्करा बहुधा पचत नाही आणि जुलाब होऊन अंगातले पाणी उलट कमीच होते. शिवाय १०० मिलिलिटर दुधात १०० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे मांजराच्या दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ निम्म्या. तेवढ्याने पोट भरते, मांस कमी खाल्ले जाते आणि वजन वाढते. लठ्ठ, नसबंदी झालेले, घरातच बसणारे बोके या त्रासात सर्वांत पुढे असतात. भाकरी-चपाती हे वनस्पतिजन्य अन्नच, त्याने लघवीचे काय होते ते वर लिहिलेच आहे.

लक्ष्मीपुरीतून आणलेले सुकट आणि सुके बोंबील मांजराला वेड लावतात. त्यांत मीठ असते आणि काट्यासकट खाल्ल्यामुळे फॉस्फरस व मॅग्नेशियम भरपूर जाते. खड्याची प्रवृत्ती असलेल्या मांजराला ते अजिबात देऊ नये. एरवीही ते रोजचे अन्न नव्हे.

‘मग नुसती उकडलेली कोंबडी देऊ का?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. आठ-दहा दिवस चालेल. कायमचे चालणार नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, आणि टॉरिन हा मांजराला अन्नातूनच मिळावा लागणारा घटक उकडताना पाण्यात उतरतो. टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदय दुबळे होते आणि डोळ्यांचा पडदा झिजतो. घरचेच अन्न द्यायचे असेल तर पशुवैद्यकाकडून प्रमाणबद्ध कृती लिहून घ्यावी आणि त्यातले पूरक घटक एक दिवसही गाळू नयेत.

बदल करताना

नवे खाद्य सात ते दहा दिवसांत आणावे: आधी पावभाग नवे, मग निम्मे, मग पाऊण. दवाखान्यात, मांजर दुखण्यात असताना नवे खाद्य पुढे करू नये. त्या वासाशी दुखणे जोडले गेले की ते पुढे कधीच खात नाही. उपाशी ठेवले की झक मारून खाईल, असा हट्ट तर मुळीच धरू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. चोवीस तास काहीच पोटात गेले नसेल तर जुने खाद्य परत द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे.

बदल लागू पडतो आहे की नाही, हे रोज ट्रे साफ करताना कळते. आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज दोन आकडे लिहितो: मातीचे ओले गोळे किती निघाले आणि त्यांतला सर्वांत मोठा केवढा होता; लिंबाएवढा असेल तर ‘लिं’, सुपारीएवढा असेल तर ‘सु’. ओले खाद्य सुरू केल्यावर पंधरवड्यात गोळे मोठे झालेले दिसले पाहिजेत. सुपारीएवढे गोळे दिवसाला सहा-सात निघू लागले, तर रक्त दिसण्याची वाट न पाहता लघवीचा नमुना घेऊन जावे. नव्या खाद्यावर महिना झाला की एक तपासणी, खड्याचा इतिहास असेल तर एक्स-रे, आणि पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी ताज्या लघवीची तपासणी, असा क्रम डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्यावा. नमुना घरी घेण्यासाठी ट्रेमधली माती काढून स्वच्छ धुतलेले, पाणी न शोषणारे प्लास्टिकचे मणी पसरावेत आणि खाली साठलेली लघवी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढून घ्यावी. दवाखाना उघडण्याच्या वेळेआधी अर्धा तास हे जमले तर उत्तम. त्यासाठी सकाळचे पाऊच थोडे उशिरा फोडले तरी चालते.